मेंदूतील पहारेकऱ्यांचा शोधक

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लहानपणी थोरल्या आत्याला देवऋषीपुढे बसविलेले मी पाहिले आहे. समोर कोणी नसताना तिला आवाज ऐकू येत. बाहेरची बाधा आहे, असे सारा गाव म्हणे. म्हणूनच ग्रंथालयात पीओ देल रीओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाविषयी वाचताना ते मला परके वाटले नाहीत.

त्यांचा जन्म १८८२ साली वायादोलिद प्रांतातील पोर्तियो या लहानशा गावी झाला. १९०५ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन त्यांनी काही काळ गावातच डॉक्टरकी केली. पण ओढा संशोधनाकडे होता. ते माद्रिदला गेले व निकोलास आचूकारो यांच्या हाताखाली मेंदूच्या पेशी न्याहाळू लागले. त्यांतील काही बारीक पेशी तेव्हा सूक्ष्मदर्शकातूनही नीट दिसत नसत. रीओ-ओर्तेगांनी चांदीच्या क्षाराने पेशी रंगविण्याची नवी रीत बसविली आणि १९१९ मध्ये त्या पेशींचे स्वरूप जगापुढे मांडले. मायक्रोग्लिया हे नाव त्यांचेच. एरवी या पेशी फांद्या पसरून असतात. मेंदूला इजा होताच रूप पालटून तेथे जातात व मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात.

शोधाने कीर्ती दिली, तसा मनस्तापही दिला. नोबेल विजेते काहाल यांच्याशी बिनसले आणि १९२० मध्ये त्यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि देशही सुटला. पॅरिस, ऑक्सफर्ड असे करीत ते ब्वेनोस आइरेसला पोचले. तेथेच १९४५ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. नोबेलसाठी दोनदा नाव जाऊनही ते मिळाले नाही.

वाढत्या मेंदूतील मज्जापेशींचे जादा जोड याच पेशी छाटतात, असे पुढे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. २०१६ मध्ये स्किझोफ्रेनियाचा धोका वाढविणारे सी-फोर जनुकाचे प्रकार उजेडात आले, आणि ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा विचार पुढे आला. सारे कोडे अद्याप सुटलेले नाही.

दिवाळीच्या सुटीत मी हे वडिलांना सांगितले. आत्या आता नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग, तिचा काही दोष नव्हता ना, एवढेच त्यांनी विचारले. नव्हता, असे मी म्हणालो. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग.