बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. १९२५ मध्ये ज्या संशोधकाचे नाव तिला देण्यात आले, त्यांच्या पदरी मात्र याच प्रयोगशाळेतून कीर्ती आली आणि बदनामीही.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी कामास आरंभ केला. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले जात. त्यांना धरून प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांप्रमाणे खाली वाढत. उष्णतेने ते मारले की लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ही लस देण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली मुंबईतच दूषित झाली, असा ठपका चौकशी आयोगाने ठेवला आणि हाफकिन यांचे पद गेले. वैद्यकीय पदवी नसलेल्या या परक्या माणसाविषयी सरकारी डॉक्टरांत आधीपासूनच नाराजी होती, हेही विसरता येत नाही.

त्यांच्या बाजूने खरी साक्ष दिली ती काळाने. जंतू मुंबईतच शिरले असते, तर सुमारे सहा आठवड्यांत त्यांची बेसुमार वाढ होऊन विष साठले असते. मग बाटली उघडताच दुर्गंधी आली असती, लक्षणेही झटपट दिसली असती. प्रत्यक्षात वास आला नाही आणि रोगही काही दिवस उलटल्यावर प्रकटला. म्हणजे जंतू शिरले ते बाटली उघडताना, आणि तेही मोजके. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला होता. आजही तापाने फणफणलेल्या बालकाचे रक्त कल्चरला लावले की असाच हिशेब असतो. जंतू पुष्कळ असतील तर बाटली लवकर खूण देते, थोडे असतील तर वाट पाहावी लागते.

१९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा अन्याय चव्हाट्यावर आणला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कोलकात्यास काही वर्षे काढून १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.