अश्मयुगाचा माग काढणारे रॉबर्ट ब्रूस फूट

मद्रासजवळच्या पल्लावरम येथे लष्करी कवायतीच्या मैदानानजीक जांभ्याच्या खडीसाठी एक खड्डा खणलेला होता. 30 मे 1863 रोजी तेथून निघालेल्या खडीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील एका तरुण अधिकाऱ्याला दगडाचा एक तुकडा दिसला. त्याच्या कडा पाण्याच्या प्रवाहाने झिजलेल्या नव्हत्या. कपच्या काढून माणसाने तो घडवला होता. भारतातील पुराश्मयुगाच्या अभ्यासाचा आरंभ या दिवसापासून मानला जातो. हा अधिकारी म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट. पुढे बेळगाव परिसर आणि बडोदा संस्थान या दोन्ही प्रदेशांच्या भूस्तरांचे सर्वेक्षण त्यांनी केले.

फूट यांचा जन्म 22 सप्टेंबर 1834 रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. 1858 मध्ये ते सर्वेक्षण विभागात दाखल झाले आणि दक्षिण भारत त्यांच्या वाट्याला आला. मानव किती प्राचीन, हा त्या काळी युरोपात मोठ्या वादाचा विषय होता. फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात नामशेष प्राण्यांच्या अवशेषांसोबत सापडणारी हत्यारे मानवनिर्मितच आहेत, असा निर्वाळा इंग्लिश अभ्यासकांनी 1859 मध्ये दिला होता. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत भारतातही त्याच तोडीचा पुरावा पुढे आला.

घासून गुळगुळीत केलेल्या नवाश्मयुगीन कुऱ्हाडी आपल्याकडे पूर्वीही आढळल्या होत्या. मात्र देवस्थानात किंवा झाडाखाली ठेवलेल्या कुऱ्हाडीवरून तिचे मूळ ठिकाण कळत नाही. फूट यांना मिळालेला दगड विशिष्ट भूस्तराशी जोडलेला होता. हत्यार किती जुने, हे ते ज्या थरात पुरले गेले त्या थरावरून ठरते, ही भूवैज्ञानिकाची दृष्टी त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सहकारी विल्यम किंग यांच्यासह ते अत्तिरम्पक्कम येथे पोहोचले. तेथे ओढ्याच्या कापलेल्या काठात अशी हत्यारे विपुल होती. या शोधांची सविस्तर मांडणी त्यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली.

पुढील काळात त्यांचा मुक्काम दक्षिण मराठा मुलखात पडला. बेळगाव, गोकाक, बदामी, कलादगी हा टापू त्यांनी पिंजून काढला. या भागाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ 1876 मध्ये प्रकाशित झाला. गोकाकजवळच्या चिकदौली येथे त्यांना गेंड्याचे जीवाश्म सापडले. त्या गेंड्याचे वर्णन त्यांनी 1874 मध्ये दख्खनच्या नावाने केले. मलप्रभेच्या काठच्या खडीत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. कलादगी थरांतील कठीण क्वार्टझाइट हा तेथील आदिमानवाचा हत्यारांसाठीचा मुख्य दगड होता. त्यामुळे खडकांचे सर्वेक्षण आणि मानवाचा शोध ही दोन्ही कामे तेथे एकमेकांत मिसळली.

हत्यारे गोळा करणे हा त्यांच्या नोकरीचा भाग नव्हता. तरीही खडकांचे नकाशे तयार करता करता त्यांनी शेकडो स्थळांची नोंद केली. कर्नूल परिसरातील बिल्लसुर्गमच्या गुहांचे उत्खनन त्यांनी आपल्या मुलाच्या साहाय्याने केले. बेल्लारी भागातील राखेच्या टेकड्यांचा संबंध त्यांनी नवाश्मयुगीन पशुपालकांच्या जळालेल्या शेणाशी जोडला. पुढच्या शतकातील उत्खननांनी हे अनुमान बळकट केले.

1891 मध्ये ते सरकारी सेवेतून निवृत्त झाले, पण काम थांबले नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानाचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण त्यांनी हाती घेतले आणि त्याचा ग्रंथ 1898 मध्ये निघाला. म्हैसूर संस्थानासाठीही त्यांनी काम केले. साबरमतीच्या काठी एक कोडे त्यांच्यासमोर उभे राहिले. पुराश्मयुगीन हत्यारे खालच्या खडीत होती, तर नवाश्मयुगाच्या खुणा पृष्ठभागाजवळ. मध्ये गाळाचे आणि वाऱ्याने आणलेल्या मातीचे जाड थर होते. या दोन युगांच्या दरम्यान मोठा खंड पडला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

जवळपास अर्ध्या शतकानंतर, 1941 मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील हसमुख धीरजलाल सांकलिया हाच प्रश्न घेऊन गुजरातेत गेले. लांघणज येथे त्यांना सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या मानवाचे अवशेष मिळाले आणि फूट यांना रिकाम्या वाटलेल्या काळात माणसाचा वावर दिसू लागला. फूट यांचा निष्कर्ष असा बदलला. परंतु नेमके कोठे पाहायचे, हे त्यांच्याच नोंदींनी दाखवले होते. मलप्रभेच्या खोऱ्यातही डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी पुढे काम केले. अत्तिरम्पक्कम येथे अलीकडे झालेल्या उत्खननानंतर तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची असल्याचे 2011 मध्ये जाहीर झाले.

फूट यांनी आपला संग्रह 1904 मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला विकला, त्यामुळे तो भारतातच राहिला. 29 डिसेंबर 1912 रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. संग्रहाची तपशीलवार सूची 1914 मध्ये आणि तिच्यावरील टिपणे 1916 मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाली. प्रत्येक दगडासोबत त्याचे गाव नोंदवण्याचा परिपाठ त्यांनी पाळला नसता, तर हा संग्रह केवळ पाहण्याची वस्तू ठरला असता. त्या नोंदींमुळेच पुढच्या संशोधकांना त्याच नदीकाठी परत जाता आले आणि त्यांचे निष्कर्ष तपासता आले.