किल्ली हरवलेली वही

गेल्या दिवाळीत नगरच्या घराचा माळा आवरताना माझी सहावीतली वही सापडली. शेजारचा मित्र आणि मी ‘च’ची भाषा बोलून कंटाळलो, तेव्हा आम्ही स्वतःची लिपी काढली होती. वही उघडली तर काय! अक्षर माझंच, पण एक ओळ वाचता येईना. किल्लीचं पान फाटलेलं. तेव्हा टॉल्किन आठवले.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे हे लेखक ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेत जन्मले. चार वर्षांचे असताना वडील गेले, बारा वर्षांचे असताना आई. लॅटिनची गोडी आईनेच लावली होती. मावसबहिणींनी प्राण्यांची नावं वापरून एक गुप्त भाषा केली होती, ती त्यांनी उचलली. मग नवीन भाषा घडवायचा नादच लागला. ऑक्सफर्डला शिकताना फिनिश भाषेचं व्याकरण हाती पडलं आणि त्या नादावर ‘क्वेन्या’ जन्मली. पुढे वेल्शच्या वळणाची ‘सिंदारिन’ आली. १९१६ साली सोमच्या लढाईतून ते आजारी होऊन परतले. दोन जिवलग मित्र मात्र कायमचे गेले. त्या आजारपणातच त्यांनी या भाषा बोलणाऱ्या एल्फ लोकांच्या कथा लिहायला घेतल्या. म्हणजे भाषा आधी, गोष्ट नंतर!

पण गंमत अशी, की प्राध्यापक असूनही त्यांनी या भाषांचं पाठ्यपुस्तक कधी काढलं नाही. नियम आयुष्यभर बदलत राहिले. १९५५ च्या तिसऱ्या खंडाला उच्चार आणि लिप्यांची परिशिष्टं जोडली. १९७३ मध्ये ते गेले. मुलाने, ख्रिस्तोफरने, त्यांचे कागद संपादित केले; त्यातला शब्दांच्या धातूंचा कोश १९८७ मध्ये छापला गेला. अशा तुकड्यांवरून नॉर्वेच्या हेल्गे फाउस्कांगर यांनी क्वेन्याचे धडे रचले, डेव्हिड सालो यांनी २००४ मध्ये सिंदारिनचं व्याकरण छापलं. तरी वाद संपत नाहीत, कारण मूळ नोंदीच एकमेकींशी जुळत नाहीत.

हे फक्त परदेशातच घडतं असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सराळ्याचे म्हाइंभट यांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ लिहिलं. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत जपले. ग्रंथ टिकले, पण पंथाबाहेरच्यांना ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे कुलूप निघालं.

आपण इंजिनिअर लोक डॉक्युमेंटेशन सबमिशनच्या आदल्या रात्री उरकतो. मीही तेच करायचो. आता नाही. नुसतं बनवून भागत नाही, दुसऱ्याला आत यायची वाट ठेवावी लागते.

त्या मित्राला फोन केला. बरेच दिवसांनी बोललो. त्याला अकरा अक्षरं आठवली. बाकीची आम्ही दोघं मिळून शोधतोय.