दक्षिणा कमवायला पायी निघाले अन् १८५७ च्या धामधुमीत सापडले, गोडसे भटजींची गोष्ट

१८५७ साल. पेणजवळच्या वरसई गावात विष्णुभट गोडसे नावाचे भिक्षुक राहायचे. वय तिशीच्या आसपास, डोक्यावर घरचं कर्ज. अशात बातमी आली, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार. म्हणजे दक्षिणा पक्की. विष्णुभट काकांना सोबत घेऊन निघाले. रेल्वे तिकडे पोचली नव्हती, त्यामुळे चालतच.

महूजवळ त्यांना शिपाई भेटले. उठाव होणार आहे, पुढे जाऊ नका, असा त्यांचा सल्ला. काका-पुतणे तरी पुढे गेले.

मग यज्ञ राहिला बाजूला. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहरात होते. तोफांचे गोळे, जळणारी घरं, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट, सगळं त्यांनी लपूनछपून जगत पाहिलं. जमवलेला पैसाही तिथेच गेला. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली झाशीची राणी त्यांना दिसली. भटजी पाणी काढायला सरसावले, पण विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून तिने स्वतःच पाणी शेंदलं. राणीचे पुतळे गावोगावी आहेत, पण ही दमलेली राणी भटजींमुळेच कळते.

कर्ज काही फिटलं नाही. तरी परतताना त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून वरसईला आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातलं. (आज आपण ट्रेकला पाण्याची बाटली जड होते म्हणून कुरकुरतो!)

सुमारे २५ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे लिहून काढलं. इंग्रज सरकारची भीती होतीच, त्यामुळे 'माझा प्रवास' छापून आलं ते भटजींच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये. तेही वैद्यांनी बदल करून. मूळ हस्तलिखितावरचं पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणलं.

भटजी ना इतिहासकार होते ना लढवय्ये. त्यामुळे लढाईच्या शेजारीच जेवणं, मुक्काम, दक्षिणेचे हिशेबही येतात. पायी चालणाऱ्याला वाटेतलं काहीच टाळता येत नाही, आणि आपल्या फजितीही त्यांनी लपवलेल्या नाहीत. पुढे हिंदीत अमृतलाल नागर यांनी या पुस्तकाचा अनुवाद केला, इंग्रजीतही ते गेलं.