हकीम अजमल खान : हकीम-वैद्यांच्या हक्कासाठी लढलेला माणूस

परभणी असो, पाथरी, जिंतूर की गंगाखेड, आपल्या मोहल्ल्यातला दवाखाना आठवा. बाहेरच्या पाटीवर डॉक्टरसाहेबांच्या नावापुढे बीयूएमएस लिहिलेलं असतं आणि आत भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं. लेकराला ताप आला की आपण आधी तिथंच धावतो, पण त्या प्रमाणपत्राकडे आपलं लक्ष कधी जात नाही. एक काळ असा होता की कितीही हुशार हकीम असला तरी त्याला असा कागद मिळणं शक्य नव्हतं. तो हक्क मागायला जे पुढे आले त्यांत हकीम अजमल खान यांचं नाव सगळ्यांत मोठं. ११ फेब्रुवारी ही त्यांची जयंती आता राष्ट्रीय युनानी दिन म्हणून साजरी होते.

त्यांचा जन्म १८६८ साली दिल्लीच्या बल्लीमारान भागातल्या शरीफी घराण्यात झाला. घरात पिढ्यान्पिढ्या हिकमत चालत आलेली. थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. अजमल खान काही वर्षं रामपूरच्या नवाबांचे हकीम होते. नंतर दिल्लीत परतले आणि मदरशाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. नब्ज पाहण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. राजे-नवाब त्यांना बोलवत, पण दिल्लीत गरिबांना ते मोफत तपासत. पडदानशीन बायकांचे हाल होतात हे पाहून १९०९ साली त्यांनी बायकांसाठी वेगळा तिब्बी मदरसा काढला. तिथे दाईचं कामही शिकवलं जायचं.

याच सुमारास मुंबई सरकारने डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा करायला घेतला. तो १९१२ साली मंजूर झाला. नोंदणी फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची होणार होती. हकीम-वैद्यांना उपचार करायला बंदी नव्हती, पण कायद्यापुढे त्यांच्या सहीच्या दाखल्याला किंमत राहिली नाही. गावोगावच्या गरीब रुग्णांना ज्यांचा आधार होता, तेच सरकारी नोंदीत कुठेच नव्हते.

अजमल खान यांनी ओळखलं की हकीम एकटे ओरडले तर कोणी ऐकणार नाही. १९१० साली त्यांनी हकीम आणि वैद्यांना एकत्र आणणारी वैदिक व युनानी तिब्बी कॉन्फरन्स उभी केली. एका मंचावर मुसलमान हकीम आणि हिंदू वैद्य एकाच मागणीसाठी बसले. कायदा काही थांबला नाही, पण देशी वैद्यकाचा प्रश्न देशाचा प्रश्न झाला.

मोठी गोष्ट ही की ते नुसते हक्क मागत बसले नाहीत. आपल्या लोकांतल्या उणिवाही त्यांना दिसत होत्या. बापाच्या गादीवर बसून, नीट न शिकता दवा देणारे हकीम त्यांना मान्य नव्हते. १९११ साली युरोपात जाऊन त्यांनी तिथली हॉस्पिटलं पाहिली. १९१६ मध्ये दिल्लीत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचा पाया घातला गेला आणि १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे शरीररचना आणि शस्त्रक्रियेचेही धडे होते. त्यांनी उभ्या केलेल्या हिंदुस्तानी दवाखान्याची कमाई या कॉलेजला जायची. पुढे १९३१ साली सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून काढलेल्या एका द्रव्याला हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन नाव दिलं.

खिलाफत आणि असहकाराच्या काळात त्यांनी सरकारी किताब परत केला. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांचं निधन झालं.

ज्या मुंबई प्रांताने दार बंद केलं होतं, त्यानेच १९३८ साली कायदा करून वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली. हकीमसाहेब तो दिवस पाहायला नव्हते. आपली परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि तिथे युनानीला राजाश्रय होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. मग १९६१ चा महाराष्ट्राचा वैद्यक व्यवसायी कायदा झाला. आपल्या दवाखान्यातलं ते प्रमाणपत्र याच वाटेनं आलं.

वाद मात्र संपलेला नाही. युनानी किंवा आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं किती द्यावीत, यावर १९२८ साली स्थापन झालेली इंडियन मेडिकल असोसिएशन आजही हरकत घेते. रुग्णाचा जीव धोक्यात येऊ नये हे तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. खेड्यात दुसरा डॉक्टरच नाही, हेही तितकंच खरं. राज्याचा कायदा जेवढी परवानगी देतो तेवढंच करता येतं, असं सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये सांगितलं.

आपली मुलं-मुली आज बीयूएमएसला जातायत. त्यांना हकीमसाहेबांची ही गोष्ट जरूर सांगू या. हक्क मागताना त्यांनी आधी आपलं शिक्षण सुधारलं आणि शेजारच्या वैद्याला सोबत घेतलं. म्हणून त्यांच्या मागणीला वजन आलं.