जॉन गॅरंड: रायफल बनवणारा कारागीर

तुमच्या घरी मराठी आणि शाळेत दुसरी भाषा असेल ना? जॉन गॅरंड यांचंही असंच होतं. त्यांच्या घरची भाषा फ्रेंच होती.

त्यांचा जन्म १८८८ साली कॅनडातल्या क्युबेकमध्ये झाला. १८९९ मध्ये आई वारली आणि कुटुंब अमेरिकेत आलं. लहानगा जॉन कापड गिरणीत झाडू मारायचा. झाडता झाडताच तो इंग्रजी शिकला. पुढे यंत्रांचं कामही शिकला.

१९१९ पासून गॅरंड स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात काम करू लागले. तेव्हा सैनिकाला प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढावा लागे. गॅरंड यांच्या रायफलमध्ये हे काम गोळी सुटताना तयार होणारा गॅसच करायचा.

पण रणांगणावर, चिखलात रायफल साफ कशी करायची? त्याचाही विचार त्यांनी केला होता. चापाखालची कडी ओढली की रायफलचे तीन मुख्य भाग सुटे होत. पाना नको, पक्कड नको! सैनिक ते पुसून, तेल लावून पुन्हा जोडत.

१९३६ मध्ये अमेरिकन सैन्याने ही 'एम वन' रायफल स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे ४० लाख रायफली बनल्या. गॅरंड यांनी मात्र सगळे हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत, असा प्रस्ताव संसदेत आला, पण मंजूर झाला नाही. १९५३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते पगारावरच काम करत राहिले. १९७४ साली ते वारले.

तुम्हाला काय वाटतं, ते पैसे त्यांना मिळायला हवे होते का? चार वाक्यांत लिहा.