कर्नल पोलमन : शिंद्यांचा जर्मन सेनापती

आमच्या नगरचा भुईकोट किल्ला पाहिला नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत सापडणे कठीण. खंदकाच्या काठाने चालताना चांदबिबीचे नाव प्रत्येकाच्या ओठी येते, आणि १९४२ साली पंडित नेहरू प्रभृती पुढारी येथेच बंदीत ठेवले होते, हेही बहुतेकांस ठाऊक असते. परंतु १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात हा किल्ला शिंद्यांच्या हातून इंग्रजांच्या हाती गेला, आणि त्याच युद्धात शिंद्यांच्या कवायती पायदळाची सूत्रे एका जर्मन मनुष्याच्या हाती होती, ही गोष्ट फार थोड्यांच्या वाचनात आलेली असते. त्याचे नाव अँथनी पोलमन. इतिहासाच्या अभ्यासकांस हे नाव चांगले परिचित आहे. तो थोर पुरुष नव्हता. तथापि, जन्माने ज्याच्याशी आपला संबंध नाही त्याच्यासाठी केवळ वेतनावर लढणाऱ्या मनुष्याची निष्ठा किती व कोठवर असते, हे समजण्यास त्याच्या चरित्रासारखे दुसरे उदाहरण आपल्या प्रांताच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

पोलमन हा मूळचा हनोव्हरचा. त्या काळी जर्मनी हे एकसंध राष्ट्र नव्हते. लहानमोठ्या अनेक संस्थानांत तो देश विभागलेला होता. त्यांपैकी कित्येक संस्थानिकांनी आपले सैन्य दुसऱ्या राजास ठरावीक रकमेने वापरण्यास देण्याचा जणू व्यापारच मांडला होता. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्याचे युद्ध पुकारले तेव्हा अशा रीतीने भाड्याने घेतलेले सुमारे ३०,००० जर्मन शिपाई इंग्लंडच्या बाजूने अटलांटिकपार लढले. शेतकऱ्यांची व कारागिरांची ती मुले. ज्या भांडणाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यापायी परमुलखात त्यांतील हजारो मृत्युमुखी पडली, आणि त्यांच्या सेवेचा मोबदला मात्र त्यांच्या राजांच्या खजिन्यात जमा झाला.

हनोव्हरची गोष्ट थोडी निराळी होती. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच हनोव्हरचाही अधिपती होता. १७८० साली हैदर अलीने कर्नाटकावर स्वारी केली आणि मद्रासेतील ईस्ट इंडिया कंपनी मोठ्या संकटात सापडली. तिला गोऱ्या शिपायांची निकड भासू लागली. तेव्हा १७८१ मध्ये राजाने आपल्या हनोव्हरच्या दोन पलटणी कंपनीच्या दिमतीस देण्याचे ठरविले. पंधरावी व सोळावी अशी त्यांची नावे असून दोहोंत मिळून सुमारे २,००० माणसे होती. कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासात अनेकजण रोगाने गेले. उरलेले मद्रासेच्या किनाऱ्यास लागले. १३ जून १७८३ रोजी कडलोर येथे फ्रेंचांशी झालेल्या लढाईत ते लढले व त्यांची बरीच हानी झाली. ज्यांस शत्रूची गोळी लागली नाही त्यांस ह्या देशाची हवा बाधली. पुढे संस्कृतचा पंडित म्हणून युरोपात नावाजलेल्या श्लेगेलचा वडील भाऊ कार्ल हा ह्याच सैन्यात अधिकारी होता. तोही १७८९ साली मद्रासेतच वारला. सुमारे आठदहा वर्षे चाकरी करून ह्या पलटणी १७९१-९२ च्या सुमारास स्वदेशी परत गेल्या. गेलेल्यांपेक्षा येथील मातीत राहिलेल्यांची गणना करणे अधिक दुःखदायक होते.

पोलमन हा अशाच हनोव्हरच्या पलटणीत सार्जंट होता. सामान्य कुळातील मनुष्यास त्या काळच्या युरोपियन सैन्यात सार्जंटाच्या वर जाण्याची आशा जवळजवळ नसे. त्याने स्वदेशाची वाट न धरता १७९२ च्या सुमारास महादजी शिंदे ह्यांच्या कवायती फौजेची वाट धरली.

ही फौज कशी होती ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मराठ्यांचे खरे बळ घोडदळात. परंतु शिस्तीने उभे राहून एकदम गोळीबार करणारे पायदळ आणि चपळ तोफखाना ह्यांपुढे केवळ घोडदळ टिकत नाही, हे महादजींसारख्या दूरदर्शी पुरुषाने ओळखले. त्यांनी १७८४ मध्ये सव्हॉय प्रांतातील डी बॉइन नावाच्या अधिकाऱ्यास चाकरीस ठेवून त्याच्याकडून पलटणी तयार करविल्या. पलटणी मिळून कंपू होई, आणि प्रत्येक कंपूत पायदळाबरोबर त्याचा स्वतःचा तोफखाना असे. खर्चासाठी दुआबातील समृद्ध मुलूख लावून दिलेला असल्यामुळे शिपायांचा पगार वेळेवर मिळे. जायबंदी झालेल्या शिपायाचीही डी बॉइन विचारपूस करी व त्याच्या निर्वाहाची तजवीज ठेवी. त्या काळच्या हिंदुस्थानी दरबारांत पगार महिनेच्या महिने तुंबत असत. त्यामुळे ह्या कंपूंत दाखल होण्यास शिपायांची वाण पडत नसे. शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानातील होते, आणि त्यांचे वरिष्ठ अधिकारी फ्रेंच, इंग्रज, जर्मन असे नाना देशांचे.

अशा ठिकाणी पोलमनच्या अंगच्या गुणांस वाव मिळाला. कवायत त्याच्या हाडीमाशी खिळलेली होती आणि शिपायांशी कसे वागावे हे तो स्वतः शिपाईगिरीतूनच शिकला होता. काही वर्षांतच तो कॅप्टन झाला, व १७९९ च्या सुमारास एका संपूर्ण कंपूचा नायक झाला. एप्रिल १८०० मध्ये मालपुरा येथे जयपूरच्या प्रतापसिंह महाराजांशी लढाई झाली, तीत लखबादादा लाड ह्यांच्या हाताखाली पोलमनचा कंपू होता. राठोड घोडेस्वारांनी त्या दिवशी असा काही हल्ला केला की, बाजूच्या एका तुकडीची दाणादाण उडाली. परंतु पोलमनचे पायदळ जागचे हलले नाही, आणि अखेर जय मराठ्यांस मिळाला. हनोव्हरचा तो सार्जंट आता हत्तीवर बसून फिरू लागला. त्याच्याभोवती जांभळ्या पोशाखातील मोगल स्वारांचा पहारा असे, आणि त्याचे राहणे एखाद्या नबाबासारखे झाले होते, असे त्याच्या काळच्या लेखकांनी नमूद करून ठेवले आहे.

आता आपण दक्षिणेकडे वळू. परदेशी सेनानायक पदरी बाळगण्याचा हा प्रघात एकट्या शिंद्यांचा नव्हता. आपल्याच जिल्ह्यातील खर्ड्याच्या मैदानावर मार्च १७९५ मध्ये मराठे व निजाम ह्यांची लढाई झाली, तेव्हा शिंद्यांच्या बाजूस पेरॉन हा फ्रेंच होता आणि निजामाच्या बाजूस रेमाँ हाही फ्रेंचच होता. पुढे १७९७ मध्ये नगरचा किल्ला दौलतराव शिंद्यांस मिळाला. डिसेंबर १८०२ अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह करून त्यांचा आश्रय पत्करला. शिंदे व नागपूरचे भोसले ह्यांस तो तह रुचला नाही, आणि १८०३ मध्ये युद्ध पेटले. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली ह्याने पहिला घाव नगरवर घातला. ८ ऑगस्ट रोजी शिड्या लावून त्याने शहराची तटबंदी सर केली आणि १२ ऑगस्ट रोजी किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. पुढील मोहिमेसाठी दाणागोटा व दारूगोळा साठविण्यास त्यास भक्कम ठिकाण मिळाले.

तोफांबरोबरच इंग्रजांनी दुसरेही एक हत्यार काढले. शिंद्यांच्या चाकरीतील युरोपियन अधिकाऱ्यांनी ती सोडून यावे, त्यांच्या निर्वाहाची सोय कंपनी करील, असा जाहीरनामा आर्थरचा वडील भाऊ गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली ह्याने काढला. अनेक अधिकारी ह्या बोलावण्यास वश झाले. ज्या पलटणींस त्यांनी शिकवून तयार केले, त्या पलटणी ऐन युद्धाच्या तोंडावर नायकांवाचून राहिल्या. पेरॉननेही सप्टेंबरात शिंद्यांचा पक्ष सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. पोलमन मात्र त्या घटकेस आपल्या जागी होता.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई ह्या गावाजवळ गाठ पडली. कैलना व जुई ह्या दोन नद्यांच्या दुबेळक्यात मराठ्यांचे सैन्य होते. पोलमन, ड्युपाँ व बेगम समरू ह्यांच्या पलटणी मिळून सुमारे १०,००० कवायती पायदळ, शंभरांच्या आसपास तोफा, शिवाय अफाट घोडदळ. वेलस्लीपाशी सुमारे ४,५०० कवायती सैन्य आणि म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे पाहून, येथे उतार असलाच पाहिजे, असे वेलस्लीने अनुमान केले व तो बाजूने पलीकडे उतरला. मराठ्यांची रांग अशी बगलेस सापडणार असे दिसत होते. परंतु पोलमनने क्षणाचाही विलंब न लावता आपली संपूर्ण रांग काटकोनात फिरवून शत्रूसमोर उभी केली. हजारो माणसे व तोफा शत्रूच्या समक्ष अशा फिरविणे हे उत्तम शिस्तीवाचून होत नाही. खुद्द वेलस्लीस त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

त्यानंतर जे युद्ध झाले ते घनघोर होते. असई गावाकडील तोफांनी इंग्रजांच्या उजव्या बगलेची चाळण केली. गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले. जे मेल्यासारखे पडले होते त्यांतील काही इंग्रज पुढे जाताच उठले व त्यांनी पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. परंतु दौलतराव व रघूजी हे दोघेही सरदार रण सोडून आधीच निघून गेले होते, आणि घोडदळ पायदळाच्या मदतीस आले नाही. संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांचीही ४२८ माणसे ठार व ११३८ जखमी झाली. पुढे वॉटर्लूस नेपोलियनचा पराभव करणारा वेलस्ली म्हातारपणीही आपल्या सर्व लढायांत असईस अग्रमान देत असे.

आणि पोलमन? ह्या पराजयानंतर लवकरच तो शिंद्यांच्या फौजेतून नाहीसा होतो आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्याच चाकरीत आढळतो. ज्या कंपनीसाठी त्याच्या राजाने त्यास समुद्रापार धाडले, तिच्याविरुद्ध तो लढला, आणि शेवटी तिच्याच पगारावर गेला. डिसेंबर १८०३ अखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी नगरच्या किल्ल्यासह मोठा मुलूख गमावला. पोलमनने गमावली ती केवळ एक नोकरी.

ह्या मनुष्यास आपण काय म्हणावे? विश्वासघातकी म्हणून त्याची संभावना करणे सोपे आहे. परंतु न्यायाने पाहता त्याच्यावर हक्क कोणाचा होता? त्याच्या राजानेच त्यास एका व्यापारी मंडळीच्या दिमतीस दिले. तलवार ही बाजारात मांडण्याची वस्तू आहे, हा पहिला धडा त्यास स्वतःच्या घरी मिळाला. त्याने तोच पुढे गिरविला, इतकेच. जितके दिवस त्याने शिंद्यांचे अन्न खाल्ले तितके दिवस त्याने कसूर केली नाही, आणि संकटाच्या दिवशी इतरांसारखा तो पळालाही नाही. दोष द्यायचाच तर ज्या राज्यांनी आपल्या रक्षणाची किल्ली परक्याच्या हाती दिली त्यांसही द्यावा लागेल. पैशाने कवायत विकत मिळते, तोफा मिळतात, रणांगणातील धैर्यसुद्धा मिळते. परंतु पराभवानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्यास जे कारण लागते ते कोणत्याही पगारपत्रकात लिहिलेले नसते. शिंद्यांनी पलटणी उभारल्या, पण त्या चालविणारे आपल्यातील अधिकारी तयार करण्याचे राहून गेले. एका जाहीरनाम्याने जे सैन्य निर्नायक होऊ शकते, ते कितीही शूर असले तरी राज्याचा आधार होऊ शकत नाही.

आणखी एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. असईच्या तोफांपाशी जे मेले तेही पगारी शिपाईच होते. त्यांना कोणी हत्तीवर बसविले नव्हते, आणि त्यांना बोलावण्यासाठी कोणी जाहीरनामाही काढला नव्हता. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. नायकाचे चरित्र लिहिले जाते; त्याच्या आज्ञेने काटकोनात फिरलेल्या हजारो माणसांचे लिहिले जात नाही. चरित्र वाचताना त्यांचे स्मरण ठेवणे हे वाचकाचेच काम आहे.

आपले नगर, ज्यास आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, आजही लष्करी गाव आहे. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र येथेच आहे, आणि जिल्ह्यातील कितीतरी घरांतून एखादा मुलगा सैन्यात गेलेला असतो. तोही वेतन घेतो आणि आईबापांस पैसे धाडतो. ह्यात लाजेचे काही नाही. परंतु पोलमनमध्ये आणि त्याच्यामध्ये एक अंतर आहे. त्यास कोणी भाड्याने दिलेले नाही, आणि ज्या भूमीसाठी तो उभा आहे तिच्यातच त्याच्या आईबापांचे घर आहे. हे अंतर किती मोलाचे आहे, हे पालकांनी मुलांस सांगावे. आणि मुलांनी पुढील वेळी किल्ल्याच्या खंदकापाशी उभे राहून त्याचा विचार करावा.